सांभाळणाऱ्यांचं रिटर्न

टॅक्सच्या ऑफिसात काम करते म्हटलं की लोक माझी कीव करतात. दिवसभर आकडे, कंटाळा येत असेल म्हणतात. मी वाद घालत नाही. आमच्याकडे आकडे सगळ्यात शेवटी येतात हे त्यांना पटायचं नाही. रिटर्न भरायचं तर आधी समोरच्या माणसाला विचारावं लागतं, गेल्या वर्षी तुम्ही काय केलंत? आता सांगा, एवढा मोठा प्रश्न माणसाला दुसरं कोण विचारतं? नातेवाईकसुद्धा विचारत नाहीत. मग माणूस खुर्चीत नीट बसतो, पाणी पितो आणि सांगायला लागतो. ऑगस्टमध्ये फायली कपाटात जातात. गोष्टींना मात्र कपाट नसतं, त्या माझ्याकडेच राहतात. मग असं कुणी निवांत भेटलं की मी सुरू होते.

ऑफिस मंदाताई मढवींचं. कल्याण नाक्याच्या अलीकडे, तेव्हा सुताच्या दुकानाच्या वर. ताई मूळच्या कोन गावच्या. वडिलांची भातशेती होती आणि घरात कॉलेजला गेलेलं कुणी नव्हतं. ताईंनी बी.कॉम. केलं, एका वकिलाकडे बरीच वर्षं टॅक्सचं काम शिकल्या आणि मग स्वतःची पाटी लावली. यंत्रमागांचे मालक, म्हणजे लूमवाले शेठ, त्यांना ‘मॅडमजी’ म्हणतात, बाकी सगळे ‘ताई’. आवाज चढवून बोललेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांना गरजच पडत नाही.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे लूमवाले, गोडाऊनवाले, ट्रान्सपोर्टवाले. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळीच मंडळी यायला लागली. भिवंडीच्या आजूबाजूच्या शेतांची गोडाऊन झाली, त्या पैशात बंगले उठले, आणि बंगल्यातली पोरं ठाण्याला, पुण्याला, पार परदेशात गेली. मागे राहिले आईबाप. त्यांना घरी राहून सांभाळणाऱ्या बाया आणि बापे ही ती मंडळी. कुणी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून कामाला लागलेले, कुणी ओळखीतून. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पगारावर टॅक्स लागतच नाही. तरी ते रिटर्न भरतात, आणि त्याला कारण कुंदा.

*

कुंदा भोईर पहिल्यांदा आली ती भांडायलाच. आमच्याशी नाही, तिच्या ब्युरोवाल्याशी, पण तो भेटला नाही म्हणून आमच्याकडे. तिचं म्हणणं, दर महिन्याला पगारातून ‘टॅक्स’ म्हणून काहीतरी कापतात आणि मालक ते खातो.

ताईंनी तिचं पॅन कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर बघितलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. म्हणाल्या, मालकाने खाल्लेलं नाही. हे बघ, सगळं सरकारकडे तुझ्या नावावर जमा आहे. तुला टॅक्स लागत नाही. रिटर्न भर, परत येईल.

कुंदाला ते काही झेपलं नाही. टॅक्स लागत नाही तर कापला कशाला? आणि लागतच नाही तर सरकारला सांगायला तरी कशाला जायचं? ताईंनी समजावलं की टॅक्स न लागणं वेगळं आणि कमाई न दाखवणं वेगळं. तू सांगितलं नाहीस तर सरकारला कळणार कसं, की लागत नाही?

मग नेहमीचा प्रश्न. ताईंनी विचारलं, काम काय करतेस?

कुंदा म्हणाली, “काम असं काय न्हाय. कोनला एका गुरुजींना सांभाळते.”

ताईंनी विचारलं, सांभाळतेस म्हणजे काय करतेस? आणि कुंदा सांगत गेली. गुरुजींच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, दाढी करायची. पेज भरवताना ठसका लागू द्यायचा नाही. औषधं. व्यायाम. चादरी. मधेच ते रडायला लागले तर गप्प शेजारी बसायचं, काही बोलायचं नाही, बोललं की जास्त रडतात. ती बोलत होती आणि बाकावरचे दोन लूमवाले आपापले मोबाइल खाली ठेवून ऐकत होते.

तिचं संपल्यावर ताई मला म्हणाल्या, “संगीता, लिही. आणि हे ‘काय न्हाय’ करायला आपल्याला किती माणसं ठेवावी लागतील, त्याचाही अंदाज काढ.”

*

आता त्याच गुरुजींचं ऐका.

गुरुजींनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. आजारपणात वाचा गेली. पुन्हा बोलायला शिकवायला एक बाई यायची, ती चित्रं दाखवायची: कप, केळं, मांजर. गुरुजी मान फिरवायचे. घरच्यांना वाटायचं, त्यांना कळत नाही. कुंदा म्हणायची, कळतं म्हणूनच फिरवतात. ज्या माणसाने आख्ख्या गावाला इंग्रजी शिकवलं त्याला तुम्ही मांजर काय दाखवताय?

एके दिवशी दुपारी कुंदाच्या मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजीत. तिला इंग्रजी येत नाही, पण त्यातलं ‘टॅक्स’चं नाव तिने ओळखलं. तिला वाटलं, ताईंनी काहीतरी भलतं दाखवलं आणि आता सरकारची माणसं येणार. घरात दुसरं कुणी नव्हतं. सून बाजारात गेलेली. मग तिने मोबाइल गुरुजींच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, गुरुजी, बघा हो, मला पकडायला येतात का?

गुरुजींनी बराच वेळ बघितलं. ओठ हलवले. परत हलवले. आणि मग म्हणाले, “री... फंड.”

कुंदाला आधी वाटलं, काही मागतायत. पाणी पुढे केलं. त्यांनी चांगल्या हाताने भांडं बाजूला सारलं आणि पुन्हा म्हणाले, आता जोरात, वर्गात म्हणतात तसं. रिफंड.

सून परत आली तेव्हा कुंदा पलंगाजवळ रडत होती आणि गुरुजी हसत होते. सुनेला वाटलं, काहीतरी वाईट झालं.

पैसे बँकेत आले, पण कुंदा आमच्याकडे पेढे घेऊन आली ते गुरुजी बोलले म्हणून. ताईंनी विचारलं, आता बोलतात का? म्हणाली, रोज थोडं थोडं. बँकेचे, गॅसचे, मोबाइल कंपनीचे, सगळे मेसेज त्यांच्याकडून वाचून घेते.

“आधी मी ते जाहिरातींचे मेसेज डिलीट करायची,” कुंदा म्हणाली. “आता एकपण करत न्हाय. उद्याचा धडा असतो त्यांचा.”

*

कुंदाने मग गणपतला आणलं. गणपत आधी लूमवर होता. तरुणपणापासून शेडमधल्या खडखडाटात राहून कान गेलेले. लूम विकले गेले तेव्हा त्याच्याच जुन्या शेठच्या घरी तो शेठना सांभाळायला राहिला. शेठना विसराळूपणाचा आजार. कुणाला ओळखत नव्हते, आणि ओरडायचे. ओरडायचे म्हणजे असं की शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. आधीची माणसं टिकली नाहीत. गणपत टिकला. घरच्यांना वाटलं, ऐकू येत नाही म्हणून टिकला असेल.

ही गोष्ट आम्हाला शेठच्या मुलाने सांगितली. महेश त्याचं नाव. तो ताईंकडे विचारायला आला होता की गणपतचा पगार आता बँकेतून द्यायचा आहे, दोघांच्या रिटर्नमध्ये नीट दिसायला हवा, तर काय काय करावं लागेल. ताई म्हणाल्या, आजवर रोख देत होतात, आता एकदम काय झालं? तेव्हा त्याने सांगितलं.

एका सकाळी शेठ नेहमीसारखे ओरडत होते. गणपत समोर चहा गाळत होता. त्याने सहज वर बघितलं आणि शेठच्या ओठांवरून त्याला दिसलं की ते शिव्या देत नाहीयेत, कारागिरांना हाका मारतायत. शेडमध्ये इतका आवाज असतो की शेठलोक असंच ओरडतात. शेठच्या डोक्यात लूम अजून चालूच होते! गणपतचा हात आपोआप वर गेला आणि त्याने शेडमधली खूण केली. लूमच्या आवाजात माणसं हाताच्या खुणांनीच बोलतात, तुम्ही कुठल्याही शेडमध्ये बघा. मशीन बंद झालं, अशी ती खूण.

शेठ थांबले. खोलीभर बघितलं. आणि हळू आवाजात म्हणाले, बंद झालं होय? मग चहा घे.

महेश हे सांगताना सारखा चष्मा पुसत होता. वडिलांचा साधा बोलण्याचा आवाज त्याने कितीतरी दिवसांनी ऐकला होता. त्या दिवसापासून तो गणपतकडून खुणा शिकायला लागला. रोज संध्याकाळी, वडिलांच्या समोर बसून.

ताईंनी त्याला बँकेचं, रिटर्नचं सगळं समजावलं. गणपतला टॅक्स लागणार नव्हता, पण एवढ्या वर्षांत त्याचं नाव पहिल्यांदाच कुठल्या कागदावर पगारासहित लागणार होतं. पुढच्या आठवड्यात गणपत सही करून गेला आणि रस्त्याच्या पलीकडे रिक्षाची वाट बघत उभा राहिला. महेश आमच्या खिडकीत होता. गणपतने तिकडून हात हलवला, महेशने इकडून. परत त्याने, परत याने. मला वाटलं, काय हे लहान मुलांसारखं टाटा करतायत.

मी विचारलं तेव्हा महेश म्हणाला, “टाटा नाही. तो म्हणाला, घरून मेसेज आलाय, बाबा झोपलेत, पोळ्या झाल्यात, तुम्ही सावकाश या. मी म्हटलं, येताना केळी आणतो.”

*

अमेरिकेचा किस्सा मी कुणालाही सांगते तेव्हा बायका जास्त हसतात, पुरुष जरा कमी.

कशेळीच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी, प्रज्ञा, लग्न होऊन तिकडे गेलेली. तिची सासू तिच्याकडेच राहते आणि अंथरुणाला खिळलेली. प्रज्ञाने नोकरी सोडून तिला सांभाळायला घेतलं. त्यांच्या राज्यात अशी सोय आहे म्हणे की घरच्याच माणसाने सांभाळलं तरी सरकार त्याला पगार देतं. पगार चालू झाला, आणि तो टॅक्समधून माफ आहे असंही तिला कुणी सांगितलं. मग माफ आहे तर रिटर्नमध्ये दाखवायचा की नाही? तिला काही कळेना. तिने आईला विचारलं, आईने फोन घेतला आणि सरळ आमच्या ऑफिसात आली. व्हिडिओ कॉल चालू, समोर प्रज्ञा, आणि जुलैचा महिना असल्यामुळे बाकावर सगळी आमची मंडळी.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मी बघत होते, काय सांगतात. दुसरा एखादा असता तर त्याने ठोकून दिलं असतं. ताई म्हणाल्या, तिकडचा कायदा मला येत नाही. तिथल्या टॅक्सच्या माणसाकडे जा, तो सांगेल तसं कर, आणि काय सांगितलं ते मलाही कळव, मला शिकायचंय.

मुलीने खरंच कळवलं. ज्याला सांभाळायचं तो आपल्याच घरात राहत असेल तर तो पगार माफ. पण कागदावर आलेला पगार लपवायचा नाही. आधी एका रकान्यात दाखवायचा, मग दुसऱ्या रकान्यात तेवढाच वजा करायचा. ताई खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, तिकडेही आधी सांगायचं आणि मग माफी.

पण त्या कॉलच्या दिवशी बाकावरच्यांचं लक्ष माफीवर नव्हतंच. सासूला सांभाळायचा पगार, यावरच गाडी अडली होती. कुंदाने दोनदा विचारलं, स्वतःच्या सासूला? स्वतःच्या घरात? आणि सासू भांडली तरी?

कोपऱ्यात पार्वतीकाकू बसल्या होत्या, गोडाऊनवाल्या पाटलांच्या घरच्या. नवऱ्याचे कागद घेऊन आलेल्या. त्यांनी आयुष्याची अर्धी वर्षं आधी सासऱ्यांना, मग सासूला, मग नवऱ्याच्या आत्याला सांभाळलं. त्या आमच्या ऑफिसात कधीच काही बोलत नाहीत. त्या दिवशी पदर सावरून पुढे आल्या आणि ताईंना हळूच म्हणाल्या, “मागची बाकी मिळते का गो?”

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मिळाली असती ना काकू, तर तुमची फाइल आणायला टेम्पो लागला असता.”

पार्वतीकाकू एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी नवऱ्याचे कागद पुढे केले.

*

आमचं ऑफिस वरच्या मजल्यावरून खाली कसं आलं, तेही सांगते.

वसंत म्हणून एक गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. त्याची मुलगी जन्मापासून चालू शकत नाही. घरात असं माणूस असेल आणि त्याचं सर्टिफिकेट असेल तर जुन्या पद्धतीने रिटर्न भरताना उत्पन्नातून एक ठरावीक वजावट मिळते. कुणीतरी सांगितलं म्हणून वसंत विचारायला आला. ताईंनी सर्टिफिकेट बघितलं, सगळं बरोबर होतं. मग विचारलं, मुलीला सांभाळतं कोण?

वसंत म्हणाला, कुणी ठेवलेलं नाही, घरीच होतं.

ताईंनी पेन खाली ठेवलं. “घरीच होतं म्हणजे? भिंती करतात का?”

तो ओशाळला. म्हणाला, मिसेस करते. ताईंनी नाव विचारलं. मनीषा. ताई म्हणाल्या, उद्या मनीषाला घेऊन ये, तिची सही लागेल. वसंतला शंका आली. रिटर्न माझं, सही तिची कशाला, कायद्यात आहे का? ताई म्हणाल्या, “कायद्यात नाही. माझ्या ऑफिसात आहे.”

दुसऱ्या दिवशी मनीषा आली, पण वर येऊ शकेना. मुलीला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तिला व्हीलचेअरवर घेऊन आली होती, आणि आमचा जिना तुम्ही बघितला असता तर कळलं असतं, तिथे धडधाकट माणूस आडवा होऊन चढतो. वसंत म्हणाला, मी पोरीला उचलून आणतो. मुलगी मोठी झालेली, आठवी-नववीच्या वयाची. रस्त्यावर सगळ्यांसमोर उचलून घ्यायचं म्हटल्यावर तिने मान खाली घातली. ते ताईंनी खिडकीतून बघितलं.

त्या लॅपटॉप घेऊन खाली उतरल्या. सूतवाल्याच्या दुकानात गेल्या, गल्ल्याशेजारची जागा मागितली आणि तिथेच बसून वसंतचं रिटर्न केलं. एका कागदावर लिहिलं की मुलीची सगळी काळजी तिची आई मनीषा घेते. मनीषाने तो कागद सावकाश वाचला, पुन्हा वाचला आणि सही केली. म्हणाली, माझी सही कशाला कधी लागतच नाही, जरा बिघडली असेल. मुलगी आईकडे बघत होती. मग तिने ताईंना विचारलं, मी पण करू? तिनेही केली. ताईंनी दोन्ही सह्यांखाली आपला शिक्का मारला. त्या कागदाचा रिटर्नला काहीएक उपयोग नव्हता.

दिवाळीच्या आधी ताईंनी वरची जागा सोडली. खाली, रस्त्याला लागून, दुप्पट भाड्याची आणि निम्म्या आकाराची जागा घेतली. पायरीला उतार करून घेतला. जुन्या जागेच्या मालकाने विचारलं, मॅडमजी, वरती काय त्रास होता? ताई म्हणाल्या, गुडघे दुखतात.

ही बाई दर हिवाळ्यात माहुलीचा किल्ला चढून येते.

*

अकलोलीची ट्रिपही ताईंचीच कल्पना. सीझन संपला की आम्ही आपले कुठेतरी जेवायला जातो. त्या वर्षी ताई म्हणाल्या, आपल्या सांभाळणाऱ्या मंडळींना घेऊन जाऊ, गरम पाण्याच्या कुंडावर. ज्यांची आयुष्यं दुसऱ्यांना आंघोळी घालण्यात जातात, त्यांनी एक दिवस स्वतः निवांत आंघोळ करावी.

सुट्टी मिळवणं सोपं नव्हतं. ताईंनी स्वतः एकेका घरी फोन केले. महेशने गणपतची ड्युटी घेतली. गुरुजींच्या सुनेने कुंदाची. निघताना गुरुजी कुंदाला इंग्रजीत म्हणाले म्हणे, गो. मग जरा विचार करून म्हणाले, कम.

कुंडावर रविवारची गर्दी. मी आणि ताई डबे उघडून बसलो, कांदा कापला, भाकऱ्या काढल्या, आणि आमची माणसं येईनात. बघायला गेलो. कुंदा एका अनोळखी म्हातारीला पायरी-पायरीने पाण्यात उतरवत होती. तिचा मुलगा काठावर फोनवर बोलत होता. गणपत कुणाच्या तरी आजोबांची पाठ चोळत होता, आणि ते आजोबा डोळे मिटून, आता मानेला, आता खांद्याला, असं सांगत होते. आणखी दोघीजणी एका बाईच्या सुजलेल्या पायांवर गरम पाणी घालत होत्या. अंग आमच्यापैकी एकाचंही पूर्ण भिजलं नव्हतं.

मी म्हटलं, ताई, बोलवू का त्यांना? जेवण गार होतंय.

ताई काठावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “नको. हे कुठे दाखवायचं त्याला रकानाच नाही. निदान आपण बघू तरी.”

*

आता शेवटचा सांगते, मग चहा टाकू.

हिराबाई कुंदाच्याच ओळखीने आलेली. वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका पाड्यातली, शेतकरी घरातली, नवरा नाही, मुलगा लग्न करून वेगळा राहतो. भिवंडीत सलीमभाई म्हणून एक लूमवाले आहेत, त्यांच्या आईला सांभाळायला ती राहिली. आईंना सगळे अम्मी म्हणायचे. पहिल्यांदा दोघींचं काही जमेल असं कुणाला वाटलं नव्हतं. अम्मींना मराठी येत नव्हती आणि हिराबाईला हिंदी. हिराबाई माळकरी नाही, पण मांसमच्छी खात नाही, म्हणून सलीमभाईंच्या बायकोने तिच्यासाठी वेगळी चूल, वेगळी भांडी दिली. पुढे अम्मीच म्हणायला लागल्या की मला हिराच्या भांड्यातलं वरण दे. हिराबाई त्यांना नमाजाच्या वेळी उठवून बसवायची, डोक्यावरचा दुपट्टा नीट करायची आणि दाराबाहेर जाऊन थांबायची.

अशी वर्षं गेली. दर जुलैला हिराबाई रिटर्नला यायची, सलीमभाईंच्या पगाराची चिठ्ठी घेऊन. टॅक्स कधी लागला नाही.

गेल्या थंडीत अम्मी गेल्या. महिना नुकताच सुरू झाला होता. सलीमभाईंनी हिराबाईला पूर्ण महिन्याचा पगार बँकेत टाकला, वर सांगितलं की घाई नको, हवं तितके दिवस आमच्याकडेच राहा. ती तशीच गावी गेली. पुढच्या महिन्यात त्यांच्याच ओळखीच्या दुसऱ्या घरी कामाला लागली.

आणि एक दिवस सलीमभाई आमच्याकडे आले, चेहरा उतरलेला. हिराबाईने मुलाच्या हातून पैसे परत पाठवले होते. सगळे नाही, त्या महिन्यातल्या काही दिवसांचे. सोबत निरोप नाही, काही नाही. सलीमभाईंना वाटत होतं, मय्यतीच्या गडबडीत घरात कुणीतरी तिला काहीतरी लागेल असं बोललं. त्यांनी बायकोला विचारलं, बहिणींना विचारलं. कुणाला काही आठवेना.

ते ताईंना म्हणाले, “मॅडमजी, पैसे की बात नहीं है. आखरी वक्त में अम्मी ने उसका हाथ पकड़ा था, मेरा नहीं. वो हमसे नाराज हो के गई, तो मैं अम्मी को क्या मुंह दिखाऊं?”

ताईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मला हिराबाईला फोन लावायला सांगितला. नवं काम जवळच होतं. ती दुपारच्या सुट्टीत आली. सलीमभाईंना बघून डोक्यावर पदर घेतला आणि बाकाच्या टोकाला बसली.

ताईंनी सरळ विचारलं नाही. म्हणाल्या, हिराबाई, रिटर्नचं बघायचंय. बँकेत त्या महिन्याचा पगार पूर्ण आलेला दिसतो. तू त्यातला काही परत केलास म्हणे. आता मी काय दाखवू? पूर्ण पगार दाखवू, की काही दिवस रजा होती असं धरू?

हिराबाई म्हणाली, रजा न्हवती.

मग गावी कामाला गेली होतीस का? न्हाय. आजारी होतीस? न्हाय. या लोकांनी कुणी काही बोललं का? तिने सलीमभाईंकडे बघितलं आणि घाईघाईने मान हलवली. म्हणाली, लई चांगली मानसं हायेत, तसं मनात पन आनू नका.

ताई म्हणाल्या, अगं मग त्या दिवसांचा पगार का नको तुला? मालक स्वतःहून देतायत.

हिराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. बाहेरून लूमचा आवाज येत होता. सलीमभाई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून तिच्या तोंडाकडे बघत होते.

मग ती म्हणाली, “त्या दिसांचा पगार कसा घेऊ, ताई? मी ड्युटीवर न्हवते. मला सुतक होतं.”